आव्हान द्या, पण निवाडा लागल्यावर

महोदय,

कामगार-मालक वाद सोडवणाऱ्या औद्योगिक न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून मालक राज्यघटनेच्या कलम 226 आणि 227 चा आधार घेऊन थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. बातमीत 'उच्च न्यायालयाची स्थगिती' एवढेच छापून येते. खटला कोणत्या टप्प्यावर अडला हे त्यात नसते आणि सगळी गोम तिथेच आहे.

बडतर्फीच्या खटल्यात आधी दोन गोष्टी ठरतात: मालकाने केलेली खातेनिहाय चौकशी न्याय्य होती का, आणि चौकशी अधिकाऱ्याचे निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का. या निर्णयाला कोर्टात 'पार्ट वन अवॉर्ड' म्हणतात. तो विरुद्ध गेला तरी मालकाचे दार बंद होत नाही. त्याला न्यायाधिकरणापुढेच नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करता येतो, मात्र ही मुभा वेळेत मागावी लागते. तरीही अनेक जण पुरावा देण्याऐवजी पार्ट वनवरच रिट करतात. एकदा स्थगिती मिळाली की मूळ खटला वर्षानुवर्षे हलत नाही. प्राथमिक मुद्द्यावर असा खोळंबा करू नये, आक्षेप अंतिम निवाड्यानंतरही घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने कूपर इंजिनिअरिंगच्या निकालात 1975 मध्येच बजावले होते.

'हा कामगारच नाही, सुपरवायझर आहे', म्हणजे कामगार कायदा त्याला लागूच नाही, हा आक्षेप तर याहून सोयीचा. डी. पी. माहेश्वरी प्रकरणात 1969 साली काढलेल्या कर्मचाऱ्याचा 'कामगार की नाही' एवढाच मुद्दा 1983 पर्यंत चालला. कामगार न्यायालयांनी सर्व मुद्दे एकत्र निकाली काढावेत आणि उच्च न्यायालयांनी मधल्या टप्प्यावर ते थांबवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. कामगाराच्या वकिलाने मुद्दे निश्चित होतानाच हा निकाल दाखवून तसा लेखी अर्ज द्यावा. स्थगिती आल्यावर धावपळ करून फार काही हाती लागत नाही.

रिटमध्ये पुरावा पुन्हा तोलला जात नाही. अधिकारकक्षा ओलांडली, नैसर्गिक न्याय डावलला, कायद्याची उघड चूक झाली किंवा निष्कर्षाला पुरावाच नाही, एवढेच पाहिले जाते (सर्वोच्च न्यायालयाचा सय्यद याकूब निकाल, 1964). पण शिक्षा सौम्य करण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार 1971 पासून कायद्यात आहे. तो का वापरला याची कारणे निवाड्यात दोन ओळींत उरकली, तर तो निवाडा वर टिकत नाही. हा दोष मालकाचा नव्हे.

नोकरीवर परत घेण्याचा आदेश असेल आणि मालक वरच्या न्यायालयात गेला असेल, तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम 17ब कामाला येते. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. याचिका प्रलंबित असेपर्यंत शेवटचे घेतलेले वेतन द्यावे लागते. शेवटचे म्हणजे काढले तेव्हाचे: 2012 साली पगार 9,000 असेल, तर 9,000 च. अट एकच, कुठल्याही आस्थापनेत नोकरी नाही असे शपथपत्र. 'मी बेकार आहे' या एका वाक्यावर भागवू नका. कोणत्या तारखेपासून नोकरी नाही ते लिहा, शेवटची पगारपावती आणि पीएफचा उतारा जोडा. दुसरीकडे पुरेशा पगारावर नोकरी आहे, हे मग मालकाने सिद्ध करायचे. शपथपत्र उशिरा दिले, की वेतन कोणत्या तारखेपासून यावर नवा वाद उकरायला त्याला जागा मिळते.

– कामगार खटले चालवणारे काही वकील, ठाणे