गवंडी मिळत नाहीत म्हणे

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, कोल्हापुरात घर बांधायला काढलंय पण गवंडी मिळंना, बाहेरनं माणसं आणायला लागतात वगैरे. मी स्वतः गवंडी, 30 वर्षं झाली थापी हातात आहे, म्हणून म्हटलं उत्तर आपणच द्यावं. टाईप पोरीनं करून दिलंय, चुका असल्या तर तिच्या.

तर ही पोरगी आयटीआयला गवंडी ट्रेडला आहे, एक वर्षाचा कोर्स. मुलींना आयटीआयत 30 टक्के जागा असतात, पण तिच्या बॅचला गवंडीकामात मुलगी ही एकटीच. पावणेरावळे विचारतात, पोरीला पाट्या वाहायला लावताय व्हय? आता गंमत बघा, तिच्या आईनं माझ्याच हाताखाली 12 वर्षं पाट्या वाहिल्या, परांचीवर चढून दुसऱ्या मजल्यापर्यंत सिमेंट-वाळूचा माल दिला, तेव्हा एकाही पावण्याला काही वाटलं नाही. पोरीनं थापी हातात घेतली आणि सगळ्यांना तिची काळजी लागली.

दिवाळीच्या सुट्टीत तिला पाचगावला साईटवर नेलं. आल्या आल्या ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का बघायची वजन बांधलेली दोरी, काढला आणि मी आदल्या दिवशी चढवलेल्या भिंतीला लावला. म्हणाली, बाबा, वर दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर गेलंय. मी म्हटलं प्लास्टरमध्ये जाईल, तर म्हणती प्लास्टर हे भिंत लपवायला असतंय काय? बाकीचे गवंडी हसायला लागले, मला राग आला, पण बघितलं तर खरंच दोन सूत. वरचे दोन थर काढले गप.

त्याच साईटच्या कॉन्ट्रॅक्टरला विचारलं की कोर्स झाला की हिला घ्या, तर म्हणाला, घेतो की, स्लॅबला पाणी मारायला आणि सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब ठेवायला. म्हणजे शिकून सवरून पण तेच. आमच्याकडं गवंड्याला दिवसाला हजार बाराशे हजेरी आणि पाटी वाहणाऱ्या बाईला पाचशे. मधली पायरीच नाही. पोरगा बिगारी म्हणून लागला की दोन वर्षांत कुणीतरी म्हणतंय ये रे, जरा वीट लावून बघ. मी पण तसाच शिकलो. पण बाईला असं कुणी म्हणत नाही, आणि खरं सांगायचं तर मी पण माझ्या बायकोला कधी म्हटलं नाही. ती माल असा कालवायची की तिच्या हातचा माल थापीवरनं सांडायचा नाही, म्हणजे निम्मं काम तिला येतच होतं की.

दुसरं म्हणजे बांधकाम कामगार मंडळाची, सरकारी योजना मिळायला लागणारी, नोंदणी. 18 ते 60 वय आणि वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. माझी नोंदणी झाली, बायकोची नाही, कारण हजेरी दोघांची असली तरी वहीत नाव माझं एकट्याचं. 12 वर्षांत एकदा पण तिचं नाव कुठल्या वहीत चढलं नाही, आणि ते चढवून घ्यावं हे मला पण सुचलं नाही.

आणि संडास. 1996 च्या कायद्यातच होतं, साईटवर कामगारांना संडास मुतारी पाहिजे, बायकांची वेगळी, आणि 50 च्या वर बायका असतील तर पाळणाघर पण. आमच्या छोट्या साईटवर पाळणाघर राहू दे, पोरांची झोळी सेंटरिंगच्या बल्लीला बांधतात, पण संडास तरी? पोरगी साईटवरच्या त्या आठ दिवसांत सकाळपासनं पाणीच प्यायची नाही, संध्याकाळी डोकं धरून बसायची. मला आधी वाटलं उन्हानं. मग तिच्या आईनं सांगितलं, मी पण 12 वर्षं असंच केलंय.

तर ज्या वाचकानं पत्र लिहिलंय त्यांना सांगणं आहे, जुलैत पोरीचा कोर्स संपतोय. वीटकाम, प्लास्टर दोन्ही येतंय, ओळंबा स्वतःचा आहे. हजेरी गवंड्याचीच घेणार, आणि पाया खणायच्या आधी चार पत्रे लावून संडास तेवढा उभा करा.

एक गवंडी, फुलेवाडी, कोल्हापूर