काकू, तुमच्या जुन्या वह्यांसाठी

ती. काकूंस सा. न. वि. वि.

माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा पार पडली. प्रबंधात तुमचे आभार मानले आहेतच, पण तिथे मिळालेल्या एका ओळीत तुम्ही मावत नाही. शिवाय संशोधनात अडकलेल्या इतर मुलामुलींच्याही हे वाचनात यावं असं वाटतं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

त्यांच्यासाठी थोडं सांगते. जमिनीत स्फुरद म्हणजे फॉस्फरस असतं, पण बरंचसं कॅल्शियमशी बांधलेलं, त्यामुळे पिकाच्या उपयोगी पडत नाही. काही जिवाणू आम्ल सोडून ते मोकळं करतात. पेट्री डिशमध्ये अशा जिवाणूंच्या वसाहतीभोवती पारदर्शक वलय उमटतं. माझ्या जिवाणूंची वलयं इतकी सुरेख होती की बघत राहावं. मग कुंड्यांत काळी माती भरून मूग लावला. जिवाणू दिलेल्या आणि न दिलेल्या रोपांत काडीचा फरक दिसेना. पुढच्या हंगामातही तेच. शिष्यवृत्ती संपत आली होती. कोणी म्हणे विषय बदल, कोणी म्हणे कुंड्यांचा भाग गाळ आणि वलयांवरच प्रबंध लिही.

तेव्हा तुम्ही मला दांडिया बाजारातल्या घरी बोलावलंत आणि माळ्यावरची ट्रंक उतरवायला लावलीत. आत तुमच्या स्वतःच्या पीएच.डी.च्या वह्या. निवृत्त प्राध्यापिका म्हणून ज्यांना सगळं शहर मान देतं, त्यांच्या हस्ताक्षरात पानामागून पान ‘क्रिया आढळली नाही’. एन्झाइम शुद्ध करायला घ्यावं, अमोनियम सल्फेटने साका बसवावा, त्यातले क्षार काढायला डायलिसिसला लावावं, आणि सकाळी त्यात जीव उरलेला नसावा. एका पानावर तर नुसती तारीख आणि ‘वीज गेली’. “ही वर्षं माझ्या प्रबंधात कुठेच नाहीत,” तुम्ही म्हणालात, “त्याची खंत अजून आहे.”

काकू, मला धीर देणारे पुष्कळ होते. आपलं अपयश असं समोर उघडून ठेवणाऱ्या तुम्ही एकट्याच.

व्यंकटरामन रामकृष्णन यांच्याबद्दलही त्या दिवशी बोललात. 1971 साली आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.एस्‌सी. आणि 2009 साली नोबेल, एवढंच आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो. तुम्ही मधलं सांगितलंत: 1976 साली अमेरिकेत भौतिकशास्त्राची पीएच.डी. हातात पडल्यावर ते जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात बसले. शाळाशाळांतून सांगायला हवा तो हा भाग, असं मलाही आता वाटतं.

आणि मग तुमचा तो साधा प्रश्न: “डिशमधल्या माध्यमात आणि मातीत सारखंच आम्ल घालून सामू, म्हणजे पीएच, मोजलास का?” मोजला. माध्यमाचा सामू झरकन खाली आला, काळी माती ढिम्म. तिच्यातला चुना आम्ल पचवून टाकत होता. बडोद्याच्याच संशोधकांनी 1998 साली बफरमुळे, म्हणजे सामू सहजी बदलू न देणाऱ्या द्रव्यामुळे, हे जिवाणू कसे निष्प्रभ होतात ते छापलं होतं. तो लेख तुम्हीच काढून दिलात. मग मी माध्यमात ट्रिस नावाचं बफर आणि आम्लात लाल होणारं मिथाइल रेड घालून सगळे जिवाणू पुन्हा वाढवले. बहुतेकांची वलयं नाहीशी झाली. मोजक्या वसाहतींभोवतीच लाल रंग उमटला, आणि पुढचं काम त्यांच्यावर उभं राहिलं.

न चाललेल्या कुंड्यांचे आकडे प्रबंधात जसेच्या तसे घालायचे, हा आग्रह तुमचाच. चौथं प्रकरण पूर्ण त्यांचं आहे. परीक्षकांनी सर्वाधिक प्रश्न त्यावरच विचारले, आणि उत्तरं देताना मला अजिबात भीती वाटली नाही.

आमच्या प्रयोगशाळेत या वर्षी आलेल्या मुलीने ते प्रकरण वाचून पहिल्याच आठवड्यात बफरचं माध्यम तयार केलं. तिच्याही पुढे अवघड दिवस येतीलच. तिला एकदा तुमच्याकडे घेऊन येऊ का? ट्रंक मी उतरवीन.

तुमची,
एक विद्यार्थिनी
बडोदे