राजीनाम्यानंतरचे दोन दिवस

‘श्रम संहितांमुळे आयटी कर्मचाऱ्यांना दिलासा’ हा लेख वाचला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या संहितांचे, म्हणजे केंद्राच्या नव्या कामगार कायद्यांचे, स्वागतच आहे. मात्र लेखात भर दरमहा सात तारखेपर्यंत पगार देण्याच्या बंधनावर आहे. निदान आमच्या ओळखीतल्या मुलांची तक्रार ती नाहीच. पगार वेळेवर होतो. अडवणूक सुरू होते ती राजीनामा दिल्यावर.

वरिष्ठांची वागणूक, रात्री अकराच्या मीटिंगा, रद्द होणाऱ्या रजा हे सारे सोसून माणूस शेवटी सोडायचे ठरवतो, तेव्हा त्याच्यापुढे तीन महिन्यांचा नोटीस पीरियड असतो. तो संपल्यावरही शेवटच्या पगाराच्या हिशेबासाठी महिना-दीड महिना थांबा, हे उत्तर ठरलेले. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरकडच्या एका आयटी कंपनीत माझ्या भाच्याला हाच अनुभव आला. वास्तविक वेतन संहिता, २०१९ च्या कलम १७ नुसार राजीनामा दिलेल्या किंवा कामावरून काढलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजी दिवसांत मिळायला हवे. ही तरतूद किती एचआर विभागांनी कर्मचाऱ्यांना कळवली असेल, याची शंकाच आहे. (ऑफिसात योगदिन मात्र न चुकता साजरा होतो.)

मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचे कार्यालय इंदुरातच आहे. त्यांनी शहरातील आयटी कंपन्यांकडून गेल्या वर्षभरातील राजीनामे आणि हिशेब चुकते केल्याच्या तारखा मागवाव्यात.

– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर