गॅलरीच्या दाराला ब्लाइंड बसवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. म्हणून लिहून काढते आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण ही यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, पांढरी दारं आता घरोघरी आहेत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला पश्चिमेचं ऊन सोसवत नव्हतं. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि तीन वाजले की गॅलरीच्या काचेतून उजेड थेट तिच्या पलंगावर यायचा. भिंतीत रॉड ठोकून पडदा लावावा, तर दार आत उघडतं, प्रत्येक वेळी त्यात अडकणार. म्हणून दाराच्या पल्ल्यावरच बसेल असा रोलर ब्लाइंड, म्हणजे वर गुंडाळला जाणारा कापडी पडदा, घेतला. दुकानाचा माणूस आला, ड्रिल मशीन काढलं आणि काचेलगतच्या पट्टीवर खुणा करायला लागला. तुम्ही आईची चौकशी करायला आला होतात. तुम्ही शांतपणे एवढंच म्हणालात, "थांब बाळा, ही बीडिंग आहे. हिनेच काच धरून ठेवलीय."

तेव्हा तुम्ही त्याला जे समजावलंत, ते मी कान देऊन ऐकलं. बीडिंगची पट्टी चौकटीत नुसती दाबून बसवलेली असते. काच बदलायची तर आधी तीच निघते. तिच्यात स्क्रू गेला की पट्टी सैल होऊ शकते आणि टोक काचेच्या कडेला लागलं तर काच तडकते. भोक पाडायचं ते पट्टी सोडून, पल्ल्याच्या मुख्य भागात. पण तोही आतून पोकळ! वरचं प्लास्टिक जेमतेम अडीच-तीन मिलीमीटर, आत कप्पे, आणि मधल्या कप्प्यात मजबुतीसाठी घातलेली लोखंडी पट्टी. नुसत्या प्लास्टिकमध्ये बसवलेला स्क्रू रिकाम्या डब्यात ठोकलेल्या खिळ्यासारखा, आज ना उद्या हलणारच.

मग तुम्ही घरी जाऊन जुन्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन आलात. पांढऱ्या प्लास्टिकवरून ते हळूहळू सरकवत नेलंत. एका जागी ते अलगद ओढलं गेलं, तिथे पेन्सिलीची खूण केलीत आणि माझा हात धरून तीच ओढ मलाही जाणवून दिलीत. कारखान्याच्या टूलरूममध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाचे हात कसे चालतात ते त्या दिवशी जवळून पाहिलं. बिट घसरू नये म्हणून खुणेवर कागदी टेप, किती आत जायचं ते कळावं म्हणून बिटलाही टेपचा वेढा, मशीनचा हॅमर बंद आणि वेग कमी. दाराचं हँडल ब्लाइंडच्या कापडाला लागत होतं, तर ब्लाइंड धरणाऱ्या ब्रॅकेटमागे पातळ ठोकळे घालून कापड पुढे घेतलंत.

खालच्या क्लिपांना मात्र तुम्ही स्क्रू लावू दिला नाहीत, आणि हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पावसाचं पाणी काचेच्या कडेने खालच्या कप्प्यात उतरतं आणि बाहेरच्या बारीक भोकांतून निघून जातं. आतल्या बाजूने भोक पाडलं तर तेच पाणी खोलीत यायला वाट होते. खालच्या क्लिपांवर वजन नसतं, त्या फक्त दार उघडताना कापड हलू नये म्हणून. त्यामुळे स्पिरिटने पुसून दुहेरी टेप पुरली. एक दिवस हात लावू नका, असं बजावून गेलात.

आणि ब्लाइंड वर-खाली करायची ती मण्यांची साखळी. माझी भाची अजून रांगते. लोंबती साखळी लहान मुलाच्या गळ्यात अडकून जीव जाऊ शकतो, हे कुणीच आम्हाला सांगितलं नव्हतं, दुकानातही नाही. तुम्ही साखळी आखूड केलीत, ताणून धरणारी क्लिप जमिनीपासून दीड मीटरच्या वर बसवलीत आणि पलंगाचं उशाकडचं टोकही दारापासून लांब सरकवायला लावलंत. ब्लाइंड घरात असलेल्या प्रत्येकाने हे आजच पाहावं, असं मी कळकळीने म्हणते.

तुम्ही खोटी आशाही दाखवली नाहीत. डोळ्यांवरची तिरीप थांबेल, उकाडा सगळा नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. ते बाहेरच अडवायचं तर गॅलरीत वाळ्याचा पडदा सोडा, म्हणालात. तो आणलाय. आता आई दुपारी निवांत झोपते, जाग आली की पेपर वाचते.

तुम्ही आमच्याकडून पैसे घेणार नाही हे ठाऊक आहे. पण चुंबक आमच्याकडेच राहिलंय, आणि ते शनिवारी संध्याकाळी काकूंना घेऊन जेवायला आलात तरच परत मिळेल, असा आईचा निरोप आहे. भरली वांगी तीच करणार आहे.

आपली,
समोरच्या दारातली