छत्तीस तारकागट हे आधी घड्याळ होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत प्राचीन इजिप्तच्या छत्तीस तारकागटांविषयी आलेला लेख आस्थेने वाचला. हा विषय मराठी वाचकांसमोर क्वचितच येतो, म्हणून लेखकाचे आणि आपले आभार मानणे माझे कर्तव्य समजतो. परंतु पाच हजार वर्षांपूर्वीचे इजिप्शियन लोक या गटांवरून माणसाचा स्वभाव आणि भाग्य ओळखत असत, आणि तीच विद्या आपल्या पत्रिकेतल्या द्रेष्काणांत, म्हणजे प्रत्येक राशीच्या दहा दहा अंशांच्या तीन भागांत, अखंड चालत आली आहे, हे लेखातील मुख्य विधान इतिहासाला धरून नाही. शाळेत भूगोल शिकवण्यात माझे आयुष्य गेले. आमच्या भागातील मुले ही पुरवणी कात्रणांसाठी जपून ठेवतात, म्हणून ही बाब तशीच सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

हे छत्तीस गट मुळात रात्रीची वेळ सांगणारे साधन होते. इजिप्तचे वर्ष तीस दिवसांच्या बारा महिन्यांचे, वर आणखी पाच दिवसांचे, असे ३६५ दिवसांचे होते आणि प्रत्येक महिन्याचे दहा दहा दिवसांचे तीन भाग पाडलेले असत. म्हणजे वर्षात छत्तीस दशाहे झाली. कोणताही तारा दररोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो. दहा दिवसांत हा फरक चाळीस मिनिटांचा होतो. सूर्याच्या तेजात काही काळ दिसेनासा झालेला एखादा तारकागट एके पहाटे पूर्व क्षितिजावर पुन्हा डोकावला की तो रात्रीच्या शेवटच्या भागाची खूण ठरे. दहा दिवसांनी तोच गट चाळीस मिनिटे आधी उगवू लागला की त्याची जागा पुढचा गट घेई. उन्हाळ्यात, व्याध हा ठळक तारा पहाटे परत दिसू लागण्याच्या सुमारास, पूर्ण अंधाराच्या वेळेत असे बारा गट एकामागून एक उगवताना दिसत. रात्रीचे बारा तास या व्यवस्थेतून आले, असे खगोलाच्या इतिहासाचे अभ्यासक मानतात. दिवसाचे चोवीस तास आपण आज मोजतो त्याचे मूळ इथे आहे, मात्र ते तास आजच्यासारखे समान लांबीचे नव्हते.

याचा पुरावा शवपेट्यांच्या झाकणांवर आहे. इसवी सनपूर्व २१०० च्या सुमारापासूनच्या, प्रामुख्याने इजिप्तमधील असयुत येथे सापडलेल्या लाकडी पेट्यांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे मृताच्या डोळ्यांसमोर, शाईने आखलेला एक तक्ता असतो. त्यात प्रत्येक दशाहाचा एक उभा रकाना आणि रात्रीच्या बारा भागांच्या बारा आडव्या ओळी असतात. एका रकान्यात तळाशी असलेले ताऱ्याचे नाव पुढच्या रकान्यात एक ओळ वर सरकते, त्यापुढच्या रकान्यात आणखी एक ओळ, आणि अशा रीतीने प्रत्येक नाव संपूर्ण तक्त्यावर तिरपे चढत जाते. मधल्या पट्टीत आकाशदेवी नूत, बैलाचा पाय मानलेले सप्तर्षी, मृग नक्षत्राचा पुरुष आणि व्याधाची देवी अशा चार आकृती काढलेल्या असतात. मेलेल्या माणसालाही परलोकात रात्रीची वेळ कळावी, एवढी काळजी घेणाऱ्या त्या लोकांनी या तक्त्यांत कोणाच्या स्वभावाविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही.

मृग आणि व्याध ही नावे मी मुद्दाम घेतली. छत्तीसपैकी बहुतेक गटांचे तारे नेमके कोणते, हे आज खात्रीने सांगता येत नाही. निर्विवाद ओळख पटली आहे ती मृग आणि व्याध यांचीच. व्याध सुमारे सत्तर दिवस सूर्यतेजात लपून पहाटे परत दिसला की नाईलला पूर येण्याचे दिवस आले, असे तिकडचा शेतकरी समजत असे. प्रत्येक गट सत्तर दिवस पाताळलोकात राहून शुद्ध होऊन परत जन्मतो, अशी तिथल्या धर्मग्रंथांची समजूत होती, आणि मृतदेह टिकवण्याच्या विधीलाही सत्तरच दिवस लागत.

गोव्याच्या शेतकऱ्याला यातले काही परके वाटू नये. आपल्याकडेही मृग लागण्याआधी घरे शाकारून घेतात, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, बेगमी होते आणि सरदीच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या, पेरणीची तयारी सुरू होते. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा असा पाऊस आपण नक्षत्रांनीच मोजतो. फरक एवढाच की आपले पावसाचे नक्षत्र म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते. ते गणिताने काढायचे असते, कारण त्या वेळी ते आकाशात दिसूच शकत नाही. गोव्याच्या अक्षांशावर व्याधाचा अज्ञातवास इजिप्तपेक्षा बराच कमी भरतो, पण तो जूनच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंतचा असल्यामुळे ऐन पावसाळ्यात येतो, आणि व्याध परतला तरी ढगांमुळे तो पाहणारा विरळाच. शिवाय सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत पूर्वेला सह्याद्री आडवा असतो, त्यामुळे उगवता तारा क्षितिजावर पकडणे कठीणच जाते.

क्षितिजावरची ही अडचण इजिप्तच्या निरीक्षकांनाही जाणवली असावी, असे मला वाटते. पुढच्या शतकांत त्यांनी उगवणारे तारे सोडून मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर, येणारे तारे मोजायला सुरुवात केली. सहावा, सातवा आणि नववा रामसेस या राजांच्या थडग्यांत याचे तक्ते रंगवलेले आहेत. त्यांत आपल्याकडे तोंड करून बसलेला एक माणूस दाखवला असून, अमुक तासाला अमुक तारा त्याच्या डाव्या कानावर, तमुक तासाला दुसरा तारा उजव्या खांद्यावर, तिसरा थेट छातीसमोर, अशी नोंद आहे. देवळाच्या गच्चीवर एक पुजारी स्थिर बसलेला, समोर दुसरा ओळंबा धरून पाहणारा, अशी ही रीत होती असे मानतात. रात्रीच्या पूजा ठरल्या वेळी व्हाव्यात, यासाठी हा सारा खटाटोप होता. आकाश ढगाळ असेल तेव्हासाठी पाण्याचे घड्याळही होते. तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या काळातले, कर्नाक येथे सापडलेले असे एक पात्र कैरोच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे लग्नमुहूर्तासाठी वापरत ते घटिकापात्र पाण्यात बुडून वेळ सांगे, हे पात्र ठिबकून रिकामे होत वेळ सांगे.

या व्यवस्थेत एक उणीव होती आणि ती इथे महत्त्वाची आहे. ३६५ दिवसांचे वर्ष खऱ्या वर्षापेक्षा पाव दिवसाने लहान असल्याने चाळीस वर्षांत तक्ता दहा दिवसांनी, म्हणजे एका पूर्ण गटाने, चुकू लागे. इसवी सनपूर्व २३८ मध्ये तिसऱ्या टॉलेमी राजाच्या काळात दर चार वर्षांनी एक दिवस वाढवण्याचे फर्मान निघाले, पण लोकांनी ते स्वीकारले नाही. तोवर हे तारकागट घड्याळ म्हणून मागे पडले होते आणि देवता म्हणून उरले होते. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात पहिल्या नेक्टानेबो राजाने घडवून घेतलेल्या, ज्याचे काही तुकडे अबुकीरच्या समुद्रातून वर काढण्यात आले, त्या दगडी देव्हाऱ्यावर प्रत्येक दशाहाची देवता कोरलेली असून ती कोणते रोग आणि मृत्यू आणते हेही लिहिले आहे. तेव्हा ताऱ्यांचा माणसावर परिणाम होतो ही कल्पना इजिप्तमध्ये नव्हतीच, असे मी म्हणत नाही. पण जन्मवेळेवरून व्यक्तीचे भविष्य सांगण्याची पद्धत आणि बारा राशी या दोन्ही गोष्टी बाबिलोनकडच्या आहेत. इजिप्तमध्ये त्या रुजल्या त्या ग्रीक राजवटीच्या सुमारास.

दोन्ही परंपरांची गाठ कशी पडली, ते इजिप्तमधील देंडेरा येथील हाथोर देवीच्या मंदिराच्या छतावरील शिल्पात प्रत्यक्ष दिसते. इसवी सनपूर्व ५० च्या आसपासचे ते वर्तुळाकार शिल्प १८२१ मध्ये छतातून कापून काढले गेले आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मध्ये बारा राशी आणि कडेने फिरणाऱ्या छत्तीस गटांच्या आकृती, अशी त्याची रचना आहे. हे गट आकाशात मुळात सूर्यमार्गाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात होते. राशींशी जुळवताना मात्र प्रत्येक राशीचे दहा दहा अंशांचे तीन तुकडे करून एकेका तुकड्याला एकेका गटाचे नाव दिले गेले. इथे मूळ तारे सुटले आणि कागदावरचे अंश हाती राहिले. लेखात ज्याला अखंड परंपरा म्हटले आहे, ती माझ्या मते याच ठिकाणी तुटली.

पुढचा प्रवासही कमी रंजक नाही. स्फुजिध्वजाचे यवनजातक आणि सहाव्या शतकातील वराहमिहिराचे बृहज्जातक या संस्कृत ज्योतिषग्रंथांतून हे छत्तीस भाग आपल्याकडे आले. वराहमिहिराने द्रेष्काणांवर स्वतंत्र अध्याय लिहिला. मेषेचा पहिला द्रेष्काण म्हणजे कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळलेला, लाल डोळ्यांचा, परशू उगारलेला काळा पुरुष. दुसरा म्हणजे लाल वस्त्रातली, घोड्याच्या तोंडाची, एका पायाची स्त्री, आणि हे रूप यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, सांगितलेले आहे असे तो तिथेच मोकळेपणाने नोंदवतो. नवव्या शतकात अबू माशर या ज्योतिषाने भारतीयांची ही वर्णने अरबी ग्रंथात घेतली, आणि तिथून लॅटिनमार्गे ती इटलीतील फेरारा शहरात पोचली. तिथल्या स्किफानोया महालात १४७० च्या सुमारास काढलेल्या भित्तिचित्रांत पांढऱ्या फाटक्या वस्त्रातला तो काळा पुरुष उभा आहे, फक्त परशूच्या जागी कमरेला दोर आला आहे. १९१२ मध्ये आबी वारबुर्ग या अभ्यासकाने ही ओळख पटवून दिली. यवनांकडून घेतलेली विद्या यवनांची आहे असे लिहिण्याचा प्रामाणिकपणा वराहमिहिरापाशी होता, आणि आपण तो विसरावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

द्रेष्काणांवर श्रद्धा ठेवणाऱ्यांशी माझा वाद नाही. घराघरांत पत्रिका आहेत आणि त्या राहतील. माझा आक्षेप आहे तो, हजारो रात्री जागून तारे टिपणाऱ्या निरीक्षकांचे श्रेय पुसून त्यांना भविष्यवेत्ते ठरवण्याला. हे निरीक्षण आजही कोणालाही करता येते. दिवाळीनंतर अंगणातल्या एखाद्या माडाच्या शेंड्याआडून व्याध किती वाजता वर येतो, ते मुलाने वहीत लिहावे, आणि दहा दिवसांनी त्याच जागी उभे राहून पुन्हा लिहावे. चाळीस मिनिटांचा फरक त्याला स्वतःच्या अक्षरात दिसेल.

यासाठी माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, वरील दुरुस्ती त्याच पुरवणीत, लेख छापला होता त्याच पानावर यावी, कारण वाचकांच्या पत्रांचे पान मुले फारशी उघडत नाहीत. दुसरी, पुरवणीत राशिभविष्याला जेवढी जागा मिळते त्याच्या निम्मी जागा महिन्यातून एकदा गोव्याच्या आकाशाला द्यावी, आणि त्यात कोणता ठळक तारा किती वाजता उगवतो, किती वाजता डोक्यावर येतो आणि कधी मावळतो, एवढाच तक्ता छापावा. पहिले काही तक्ते तयार करून देण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
फोंडा, गोवा