अर्जावर सही करण्याआधी

नाशिक, रविवार रात्र

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू फार चिडली होतीस. मराठीचे सर नोट्स देत नाहीत, आठवडाभर एकाच कवितेवर अडून बसतात, नाव घेऊन उभं करतात, आणि आता वर्ग विभागप्रमुखांकडे अर्ज करणार. "सही करू का?" हे तू बाबांना विचारलंस, पण झोप माझी उडाली.

असाच अर्ज आम्हीही केला होता. १९९२ साली, इथेच नाशकात, एस.वाय.ला असताना. तिसरी सही माझी.

आमचे सर बालकवींची 'औदुंबर' शिकवत होते. कविता आठ ओळींची. गाइडमध्ये 'सुंदर निसर्गचित्र' म्हणून दीड पान होतं, आम्हाला तेवढं पुरे होतं. सरांनी पहिल्या दिवशी नुसते रंग शोधायला लावले. हिरवा, निळासावळा, पांढरा, काळा. मग विचारलं, "पायवाट कुठे जाते?" आम्ही ठोकून दिलं, गावाकडे. ते म्हणाले, "पुन्हा वाचा." ती जाते काळ्या डोहाकडे. एवढ्या हिरवळीतून निघून डोहाकडे! त्या संध्याकाळी मी सावानातून, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाचनालयातून, बालकवींच्या कविता आणल्या. १९१८ साली ते गेले तेव्हा वयाची २८ वर्षंही पुरी झाली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या तासाला सर शेवटच्या ओळीवर आले. झाड पाण्यात पाय टाकून बसतं म्हणजे काय? शहरातल्या आम्ही मुली चेतनगुणोक्ती अलंकार वगैरे म्हणालो. माझ्या बाकावर पेठ तालुक्यातली एक मुलगी बसायची. बोलण्याला हसतील म्हणून ती वर्गात तोंड उघडत नसे. ती हळूच उठली. "सर, आमच्या नदीवर उंबर आहे. पुराने माती गेली, मुळं उघडी पडली, पाण्यात सुटली. म्हातारं माणूस दमून बसतं तसं दिसतं ते." सरांनी खडू तिच्या हातात दिला आणि ती मुळं फळ्यावर काढायला सांगितली. तिने काढली, अगदी बोटांसकट.

तरी मी सही केली. फेब्रुवारी संपत आला होता, सहा कविता राहिल्या होत्या आणि मला बी.एड.साठी टक्के हवे होते. ती तक्रार खरी होती, बाळा. पण अर्जात आम्ही 'सरांना शिकवता येत नाही' असं लिहिलं, ते खोटं होतं. पुढच्या सोमवारपासून सर नोट्स सांगू लागले, खिडकीकडे बघत, एका सुरात. पेठची मुलगी पुन्हा कधी उठली नाही.

आज मी आठवी-नववीला मराठी शिकवते. 'पुन्हा वाचा' म्हणून गप्प उभं राहणं किती कठीण असतं ते मला रोज कळतं. वर्ग शांत असतो आणि घड्याळ पुढे पळत असतं.

तुम्ही चौघीजणी आधी सरांना भेटा. अभ्यासक्रम मागे पडलाय, शनिवारी जादा तास घ्या, असं सरळ सांगा. नाव घेऊन उभं केलं की तुझ्या मैत्रिणीला रडू येतं म्हणालीस, तेही सांगा, त्यात सरांचं चुकतंय. एवढं करूनही त्यांनी ऐकलं नाही तर अर्ज करा, पण त्यात खरं तेवढंच लिहा.

भेटून आलीस की फोन कर. मी साडेपाचला शाळेतून घरी येते.

तुझी,
आई