बाप मेला तरी पोरं चालूच

नागपूर

प्रिय बाळ्या,

चार महिने झाले, तुझ्या दोन मिस्ड कॉललाही उत्तर दिलं नाही, घाल शिव्या. तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच.

काल जे झालं ते बायकोला सांगितलं तर म्हणते, "मारलंय ना, मग चालू कसं?" म्हणजे नेमका प्रश्न तिनेच विचारला.

आमचं ते पायथॉनचं बिलिंगवालं सॉफ्टवेअर मी लिनक्सवर लिहिलं. स्टॉप दाबलं की वर्करला, म्हणजे मागे काम करणाऱ्या प्रोग्रामला, टर्मिनेट(), त्याला सिगटर्म, म्हणजे 'बंद हो' असा निरोप जातो, तो हातातली फाइल पूर्ण करतो, स्वतःची पीडीएफवाली पोरं (त्याने सुरू केलेले प्रोग्राम) बंद करतो, मग जातो. माझ्या लॅपटॉपवर झक्कास. इतवारीतल्या एका होलसेलवाल्याच्या विंडोजवर टाकलं, तिथे तेच टर्मिनेट() म्हणजे थेट टर्मिनेटप्रोसेस, किल आणि टर्मिनेट एकच, सांगणं-बिंगणं काही नाही. वर्कर जागेवर खल्लास, फाइल अर्धी, पोरं चालूच. टास्क मॅनेजरमध्ये एकाच नावाच्या 19 ओळी! लॉग डिलीट करायला गेलो तर म्हणे फाइल वापरात आहे. शेठ मागे उभा, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मी एकेकाला एंड टास्क करून रायलो.

तेव्हा तू आठवला बे. होस्टेलच्या गच्चीवर हेच म्हणाला होता तू, बाप मेला म्हणून पोरं मरत नाहीत, आणि मी म्हटलं तू विंडोजवाला, तू तर असंच बोलणार. आठ दिवस अबोला, तर्री पोहेसुद्धा वेगळ्या टपरीवर. (ते 40 रुपये मात्र तूच देणं लागतो.)

आता विंडोजचा जॉब ऑब्जेक्ट लावला, म्हणजे सगळ्या प्रोसेसची एक मोट, आणि त्यात 'बंद होताच मारा'वाली सेटिंग, म्हणजे त्याचं हँडल बंद झालं की आतले सगळे जातात. फक्त वर्करने जॉबमध्ये जायच्या आधीच पोरगं काढलं तर ते सुटतं, म्हणून वर्करला सस्पेंडेड, म्हणजे गोठवूनच सुरू करून आत टाकतो, मग सोडतो. पण तरी मरणं ते मरणंच ना, फाइल अर्धीच. म्हणून वर्करला स्टडिनचा, म्हणजे त्याच्या इनपुटचा पाइप दिलाय, मी पाइप बंद केला की त्याला कळतं, तो आवरून निघतो, लिनक्स असो की विंडोज. दहा सेकंदात नाही निघाला तर जॉब बंद. आता झोप उडालीय ती या दहावरून. त्यांचं मशीन म्हातारं, महिनाअखेरीला बिलांचा ढीग, दहात नाही आवरलं तर? वीस केले तर शेठ प्लगच ओढेल, मी पाहिलंय त्याला ओढताना. आणि साहेबांना मी "झालं" म्हणून सांगून बसलोय.

तुझं पुण्यातलं नवं ऑफिस कसं? पोरीचं बारसं झालं का, फोटो पाठव, वहिनींना नमस्कार.

दहा की वीस, आजच सांग.

तुझा,
पक्या